मंत्रिमंडळ सचिव पद : सामुदायिक जबाबदारी आणि लेखी नोंद यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेत राष्ट्रपती, पंतप्रधान, महान्यायवादी, नियंत्रक व महालेखापरीक्षक या पदांची स्वतंत्र तरतूद आहे. मात्र देशातील सर्वोच्च सनदी अधिकारी असलेल्या मंत्रिमंडळ सचिवाचा घटनेत कोठेही उल्लेख नाही. राजशिष्टाचाराच्या अग्रक्रमात त्याचे स्थान अकरावे आहे. तो सचिव समितीचा अध्यक्ष असतो, नागरी सेवा मंडळाचा प्रमुख असतो आणि राष्ट्रीय आपत्तीच्या वेळी सर्व मंत्रालयांना एका टेबलाभोवती आणण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. असे असूनही कोणत्याही मंत्रालयाच्या धोरणावर त्याचा स्वतःचा अधिकार चालत नाही. एवढे मोठे पद आणि एवढा अल्प वैधानिक आधार हा विरोधाभास प्रशासनाच्या इतिहासाच्या अभ्यासकाने विचारात घेण्यासारखा आहे.

या पदाचा विचार बहुधा व्यक्तींच्या अंगाने होतो. कोण कर्तबगार होता, कोण पंतप्रधानांच्या मर्जीतील होता, कोणाला मुदतवाढ मिळाली, एवढ्यावरच चर्चा थांबते. प्रस्तुत लेखात वेगळ्या अंगाने मांडणी केली आहे. मंत्रिमंडळ सचिवाचे सामर्थ्य व्यक्तीत किंवा सेवाज्येष्ठतेत नसून निर्णय सामुदायिकरीत्या होणे व त्याची लेखी नोंद राहणे या दोन गोष्टींत आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. ज्या काळात या दोन गोष्टी पाळल्या गेल्या त्या काळात पद सबळ राहिले आणि ज्या रात्री त्या टाळल्या गेल्या त्या रात्री ते निरुपयोगी ठरले.

पार्श्वभूमी : कौन्सिलपासून मंत्रिमंडळापर्यंत

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात गव्हर्नर जनरल आणि त्याचे कौन्सिल सर्व प्रकरणे एकत्र बसून निकाली काढीत असत. कारभाराचा पसारा वाढला तशी ही पद्धत अशक्य होत गेली. लॉर्ड कॅनिंगच्या कारकिर्दीत कौन्सिलच्या सदस्यांमध्ये खाती वाटून देण्याची पद्धत सुरू झाली आणि १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टने तिला कायद्याचा आधार मिळाला. किरकोळ प्रकरणे त्या त्या सदस्याने निकाली काढावीत व महत्त्वाचीच तेवढी कौन्सिलपुढे यावीत, अशी ही व्यवस्था होती. खातेवाटपाबरोबर एक नवा प्रश्नही निर्माण झाला. वेगवेगळ्या खात्यांत घेतले जाणारे निर्णय परस्परविरोधी होऊ नयेत हे पाहणार कोण? कार्यकारी कौन्सिलच्या सचिवालयाची उपयुक्तता याच प्रश्नातून वाढत गेली.

ब्रिटनमध्येही हा प्रश्न उशिराच सुटला. १९१६ पूर्वी तेथील मंत्रिमंडळाच्या बैठकांचे अधिकृत इतिवृत्त ठेवलेच जात नसे. पंतप्रधान राजाला पत्र लिहून निर्णय कळवीत, तीच काय ती नोंद. बैठकीत नेमके काय ठरले यावर मंत्र्यांचेच एकमत होत नसे. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत अशी ढिलाई परवडणारी नव्हती. डिसेंबर १९१६ मध्ये लॉईड जॉर्ज पंतप्रधान झाल्यावर मॉरिस हँकी याच्याकडे युद्ध मंत्रिमंडळाचे सचिवपद आले आणि विषयपत्रिका, इतिवृत्त व निर्णयांचा पाठपुरावा ही त्रिसूत्री रूढ झाली. हँकी १९३८ पर्यंत या पदावर होता. या पदाचा जन्मच नोंद ठेवण्याच्या गरजेतून झाला, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

भारतात सप्टेंबर १९४६ मध्ये हंगामी सरकार स्थापन झाले आणि कार्यकारी कौन्सिलच्या सचिवालयाला मंत्रिमंडळ सचिवालय असे नाव मिळाले. सुरुवातीला बदल प्रामुख्याने नावापुरताच होता. कागदपत्रे सदस्यांकडे पाठविणे हेच मुख्य काम राहिले. मात्र लवकरच घटनाक्रमाने या कार्यालयाला वेगळ्याच कसोटीस उभे केले.

फाळणी आणि दोन वाटा

३ जून १९४७ रोजी फाळणीची योजना जाहीर झाली. सत्तांतर १५ ऑगस्टला व्हायचे होते. अवघ्या ७३ दिवसांत एका साम्राज्याचे सैन्य, रेल्वे, खजिना, कर्ज, दस्तऐवज आणि कर्मचारी यांची वाटणी करावयाची होती. फाळणी परिषदेच्या हाताखाली दोन अधिकाऱ्यांची सुकाणू समिती नेमण्यात आली. भारताच्या बाजूने मंत्रिमंडळ सचिव ह. म. पटेल होते आणि पाकिस्तानच्या बाजूने चौधरी मुहम्मद अली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली दहा तज्ज्ञ समित्या काम करीत होत्या. बाहेर दंगलींचा वणवा पेटलेला असताना हे दोन अधिकारी आकडे, यादी आणि टिपणी यांच्या आधारे तोडगे काढीत होते. बहुसंख्य प्रश्न त्यांनी अधिकारी पातळीवरच मिटविले आणि राजकीय निर्णयाची गरज असलेलेच तेवढे वर पाठविले.

एकाच टेबलावर बसलेल्या या दोन अधिकाऱ्यांच्या देशांनी पुढे सर्वोच्च सनदी पदाची घडण मात्र अगदी वेगळी केली. हा फरक तुलनेने कमी अभ्यासला गेला आहे.

पाकिस्तानने ‘सेक्रेटरी जनरल’ हे नवे पद निर्माण करून चौधरी मुहम्मद अली यांच्याकडे सोपविले. सर्व मंत्रालयांच्या सचिवांवर देखरेख ठेवणारे हे पद होते. नवजात राष्ट्रात कार्यालयांना टेबल-खुर्च्यांपासून टंचाई असताना अशा केंद्रीभूत पदाची निकड समजण्यासारखी होती. परंतु त्यामुळे सचिवांची एक स्वतंत्र साखळी तयार झाली आणि मंत्र्यांना वगळून निर्णय वर जाण्याची वाट मोकळी झाली. १९५१ मध्ये चौधरी मुहम्मद अली सेक्रेटरी जनरलच्या पदावरून थेट अर्थमंत्री झाले आणि ऑगस्ट १९५५ मध्ये पंतप्रधान. त्यांच्याच कारकिर्दीत १९५६ ची राज्यघटना संमत झाली, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. तथापि हिशेब सेवेतून वर आलेले गुलाम मुहम्मद १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले होते. त्यांनी एप्रिल १९५३ मध्ये ख्वाजा नझिमुद्दीन यांचे मंत्रिमंडळ बडतर्फ केले आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये संविधान सभाच विसर्जित केली. संरक्षण सचिव राहिलेले इस्कंदर मिर्झा यांनी राष्ट्राध्यक्ष या नात्याने ऑक्टोबर १९५८ मध्ये लष्करी कायदा पुकारला. या सर्व घटनांचे खापर केवळ एका पदाच्या रचनेवर फोडणे अनैतिहासिक ठरेल. मुस्लिम लीगची दुर्बल पक्षसंघटना, जिनांचा सप्टेंबर १९४८ मधील मृत्यू, पूर्व व पश्चिम भागांतील तणाव ही कारणे अधिक खोलवरची आहेत. तरीही सनदी सेवा आणि मंत्रिमंडळ यांच्यामधील सीमारेषा पुसली गेली म्हणजे काय घडू शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

भारतात ‘सेक्रेटरी जनरल’ हे पदनाम परराष्ट्र मंत्रालयापुरते मर्यादित राहिले. गिरिजाशंकर बाजपेयी हे त्या पदावरील पहिले अधिकारी होते. संपूर्ण शासनाचा समन्वय मात्र मंत्रिमंडळाच्या सचिवाकडेच ठेवण्यात आला. तो सचिवांचा सेनापती नव्हता, तर मंत्रिमंडळाचा सेवक होता. स्वतः ह. म. पटेल पुढे संरक्षण व अर्थ खात्यांत सचिव झाले. मुंद्रा प्रकरणानंतर त्यांची शासकीय कारकीर्द संपली. त्यानंतर त्यांनी राजकारणात प्रवेश केला, निवडणूक लढवून ते लोकसभेत गेले आणि १९७७ मध्ये अर्थमंत्री झाले. सेवेतून सत्तेकडे जाण्याच्या मार्गात येथे मतपेटी आडवी होती. दोन देशांतील फरक या एका बाबीत सामावलेला आहे.

पायाभरणी : १९४९ ते १९६१

१९४९ मध्ये एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी शासनयंत्रणेच्या पुनर्रचनेविषयी अहवाल सादर केला. मंत्रिमंडळ सचिव हा सर्वोच्च दर्जाचा, समन्वयाची हातोटी असलेला आणि सर्व स्तरांवरील सेवकांचा विश्वास संपादन केलेला अधिकारी असावा, अशी अपेक्षा त्यात व्यक्त झाली होती. त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी सरदार पटेल यांनी संविधान सभेत सनदी सेवांच्या संरक्षणाची बाजू मांडली. आपल्या मताविरुद्ध मत निर्भयपणे मांडणारा सचिव आपल्याला हवा आहे, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. निर्भय मत लेखी नोंदविता येत नसेल तर सचिव हा केवळ लेखनिक उरतो, ही जाण त्यामागे दिसते.

प्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतर फेब्रुवारी १९५० मध्ये एन. आर. पिल्लई मंत्रिमंडळ सचिव झाले. अधिकृत यादी त्यांच्यापासूनच सुरू होते. त्यांच्यानंतर मे १९५३ मध्ये यशवंत नारायण सुखटणकर यांची नियुक्ती झाली. सुखटणकर १९५७ पर्यंत या पदावर होते व त्यानंतर ओरिसाचे राज्यपाल झाले. या दोघांकडे नियोजन आयोगाचे सचिवपदही होते. त्यामुळे योजना आखणारे आणि मंत्रिमंडळात ती मांडणारे यांच्यात दुवा राहिला. पॉल अ‍ॅपलबी यांच्या १९५३ मधील अहवालानंतर मार्च १९५४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवालयात कार्यपद्धती सुधारणेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला तो सुखटणकरांच्याच कारकिर्दीत. कागद किती दिवस कोणत्या टेबलावर पडून राहतो, याचा पद्धतशीर हिशेब केंद्र शासनात यानंतर ठेवला जाऊ लागला.

या कालखंडाचा कळस म्हणजे १४ जानेवारी १९६१ रोजीचे कामकाजविषयक नियम होत. घटनेच्या अनुच्छेद ७७(३) खाली राष्ट्रपतींनी कामकाज वाटपाचे आणि कामकाज चालविण्याचे असे दोन नियमसंच लागू केले. कोणता विषय कोणत्या मंत्रालयाचा, कोणते प्रकरण मंत्रिमंडळापुढे यायलाच हवे, कोणत्या मंत्रालयांचा सल्ला आधी घ्यावा, हे यातून निश्चित झाले. या नियमांचे प्रशासन मंत्रिमंडळ सचिवालयाकडे आहे. घटनेत नसलेल्या मंत्रिमंडळ सचिवाची खरी सनद हीच होय.

मात्र याच नियमांत बारावा नियम आहे. एखाद्या प्रकरणात आवश्यक वाटल्यास पंतप्रधान या नियमांपासून विचलनास परवानगी देऊ शकतात, असा त्याचा आशय आहे. तातडीच्या प्रसंगासाठी ठेवलेली ही फट पुढे इतिहासाच्या केंद्रस्थानी आली.

समांतर केंद्राचा उदय

नेहरूंच्या काळात पंतप्रधानांचे स्वतःचे कार्यालय लहान होते. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी पंतप्रधानांचे सचिवालय उभारले आणि एल. के. झा यांची सचिव म्हणून नियुक्ती केली. १९६७ पासून पी. एन. हक्सर यांच्या कारकिर्दीत ते धोरणनिर्मितीचे प्रमुख केंद्र बनले. १९ जुलै १९६९ चे बँकांचे राष्ट्रीयीकरण हे त्याचे ठळक उदाहरण आहे. या निर्णयाची आखणी हक्सर व मोजक्या अधिकाऱ्यांनी गुप्तपणे केली आणि मंत्रिमंडळाची मान्यता त्याच दिवशी घेऊन वटहुकूम काढण्यात आला. येथे मंत्रिमंडळाची मान्यता घेतली गेली, म्हणून नियमभंग झाला नाही. पण चर्चेची जागा संमतीने घेतली होती.

हा बदल समजून घेताना एक भेद लक्षात घ्यावा लागतो. पंतप्रधानांचा सचिव एका व्यक्तीच्या विश्वासावर उभा असतो, तर मंत्रिमंडळ सचिव एका संस्थेच्या विश्वासावर. पहिल्याचे काम पंतप्रधानांची इच्छा पुढे नेणे हे आहे. दुसऱ्याचे काम ती इच्छा सर्व संबंधित मंत्रालयांच्या अभिप्रायांतून जाईल हे पाहणे आहे. दोन्ही कामे आवश्यक आहेत. परंतु पहिले दुसऱ्याला गिळून टाकू लागले की तोल जातो.

२५ जून १९७५ ची रात्र

हा तोल किती गेला होता, ते अंतर्गत आणीबाणीच्या प्रसंगी उघड झाले. २५ जून १९७५ च्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या पत्रावरून राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी उद्घोषणेवर स्वाक्षरी केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती. आज रात्री मंत्रिमंडळापुढे जाणे शक्य नाही, उद्या सकाळी प्रथम हाच विषय मांडू, असे सांगून या पत्रात बाराव्या नियमाचा आधार घेण्यात आला होता. २६ जूनच्या सकाळी सहा वाजता मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि तिने कार्योत्तर संमती दिली.

त्या वेळी बी. डी. पांडे मंत्रिमंडळ सचिव होते. शाह आयोगापुढे आलेल्या पुराव्यानुसार या निर्णयाची त्यांना पूर्वकल्पना नव्हती. पहाटे बैठकीचा निरोप आला तेव्हाच त्यांना हालचाल कळली. गृहसचिव पदावरून निर्मलकुमार मुखर्जी यांना काही दिवस आधीच हलविण्यात आले होते. देशातील सर्वोच्च सनदी अधिकाऱ्याला देशातील सर्वांत मोठ्या निर्णयाची वार्ता तो घेतला गेल्यानंतर मिळावी, ही घटना पदाच्या इतिहासात निर्णायक होय. येथे पांडे यांच्या व्यक्तिगत धैर्याचा प्रश्न उपस्थित करणे सोपे आहे, पण त्यातून फारसे हाती लागत नाही. ज्याच्याकडे कागद आलाच नाही त्याला विरोधी टिपणी लिहिण्याची संधीच मिळत नाही. प्रश्न पद्धतीचा होता. मंत्रिमंडळ वगळले गेले, त्याबरोबर त्याचा सचिवही आपोआप वगळला गेला.

मार्च १९७७ मध्ये सत्तांतर झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस निर्मलकुमार मुखर्जी मंत्रिमंडळ सचिव झाले. १९८० मध्ये निवृत्त होताना ते सेवेत असलेले शेवटचे आय.सी.एस. अधिकारी होते. पंतप्रधानांच्या सचिवालयाचे नाव याच काळात ‘पंतप्रधान कार्यालय’ असे झाले. याहून टिकाऊ बदल ४४ व्या घटनादुरुस्तीने १९७८ मध्ये केला. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणीची उद्घोषणा करू नये, अशी अट अनुच्छेद ३५२ मध्ये घालण्यात आली. ‘मंत्रिमंडळ’ हा शब्द घटनेत या एकाच ठिकाणी, व्याख्येसह आला आहे. सामुदायिक निर्णय आणि लेखी नोंद या दोन्ही गोष्टींना अशा रीतीने एका वाक्यात घटनात्मक दर्जा मिळाला. मंत्रिमंडळ सचिवाचे नाव त्यात नाही, पण त्याच्या कामाचे सार त्यात आहे.

१९७७ नंतरचा काळ

आणीबाणीच्या उद्घोषणेपुरती फट बुजली, तरी बारावा नियम कायम राहिला. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट उठविण्यात आली, तेव्हा याच नियमाचा वापर झाला. अधिसूचना सकाळी ५ वाजून ४७ मिनिटांनी निघाली आणि मंत्रिमंडळाची संमती त्यानंतर घेण्यात आली. अनुच्छेद ३५६ खालील ही कृती ४४ व्या घटनादुरुस्तीच्या लेखी अटीच्या कक्षेत येत नव्हती व नियमानुसार विचलन अनुज्ञेय होते. दोन्ही प्रसंगांचे स्वरूप व परिणाम अगदी भिन्न आहेत. पहिल्याने नागरिकांचे मूलभूत अधिकार गोठविले, तर दुसऱ्याने केंद्राची राजवट संपविली. साम्य केवळ कार्यपद्धतीत आहे, परंतु संस्थांच्या अभ्यासकाला तेवढे साम्यही दुर्लक्षिता येत नाही.

दरम्यान दोन केंद्रांमधील गुरुत्वमध्य पंतप्रधान कार्यालयाकडे सरकत राहिला. महाराष्ट्र केडरचे भालचंद्र गोपाळ देशमुख १९८६ ते १९८९ या काळात मंत्रिमंडळ सचिव होते. त्यानंतर ते पंतप्रधानांचे प्रधान सचिव झाले. सर्वोच्च सनदी पदानंतर आणखी एक पद असू शकते, हेच या क्रमातून सूचित होते. त्यांच्यानंतर आलेले टी. एन. शेषन १९८९ मध्ये जेमतेम नऊ महिने टिकले. सरकार बदलताच त्यांना नियोजन आयोगात पाठविण्यात आले. १९९८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचे पद निर्माण झाले आणि २०१८ मध्ये धोरणात्मक सुरक्षाविषयक गटाचे अध्यक्षपद मंत्रिमंडळ सचिवाकडून सल्लागाराकडे गेले. २०१९ मध्ये सुरक्षा सल्लागार व प्रधान सचिव यांना कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा मिळाला. मंत्रिमंडळ सचिवाचा कार्यकाळ मात्र याच काळात लांबत गेला. राजीव गौबा ऑगस्ट २०१९ ते ऑगस्ट २०२४ अशी पाच वर्षे पदावर होते. दीर्घ कार्यकाळाने स्थैर्य येते. पण मुदतवाढ वेळोवेळी नियम बदलून मिळत असेल तर ती देणाऱ्यावरील अवलंबनही वाढते. १९५० पासून गौबा यांच्यानंतर नियुक्त झालेल्या टी. व्ही. सोमनाथन यांच्यापर्यंत या पदावर एकाही महिलेची नियुक्ती झालेली नाही, याचीही नोंद घ्यावी लागते.

या काळातील एक महत्त्वाचा हस्तक्षेप एका माजी मंत्रिमंडळ सचिवाकडूनच झाला. टी. एस. आर. सुब्रमणियन यांनी अन्य निवृत्त अधिकाऱ्यांसह दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी निर्णय दिला. नागरी सेवा मंडळे स्थापावीत, अधिकाऱ्यांना किमान कार्यकाळ मिळावा आणि तोंडी आदेशांवर कृती न करता त्यांची लेखी नोंद करावी, असे निर्देश त्यात आहेत. वरिष्ठाचा तोंडी आदेश लेखी स्वरूपात घ्यावा, ही तरतूद १९६८ च्या वर्तणूक नियमांत होतीच. तिची आठवण करून देण्यासाठी देशाचा एकेकाळचा सर्वोच्च सनदी अधिकारी न्यायालयाच्या दारात उभा राहिला, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. मंत्रिमंडळ सचिव पदाची निर्मिती आदेश देण्यासाठी नव्हे, तर सामुदायिक निर्णय शक्य करण्यासाठी व त्याची विश्वसनीय नोंद ठेवण्यासाठी झाली. पाकिस्तानच्या सेक्रेटरी जनरल पदाशी तुलना केली असता असे दिसते की, सर्वोच्च सनदी अधिकाऱ्याला अधिक अधिकार देणे हा पद सबळ करण्याचा सुरक्षित मार्ग नव्हे. १९७५ चा अनुभव दुसरी बाजू दाखवितो. मंत्रिमंडळ दुबळे झाले तर त्याचा सचिव कितीही कार्यक्षम असला तरी निष्प्रभ ठरतो. म्हणजेच हे पद स्वयंप्रकाशी नाही. मंत्रिमंडळाच्या तेजाने ते उजळते आणि त्याच्याबरोबरच झाकोळते.

त्यामुळे या पदाच्या सुधारणेची चर्चा कार्यकाळ आणि मानमरातब यांपुरती राहू नये. बाराव्या नियमाचा वापर प्रत्येक वेळी कोणत्या कारणास्तव झाला याची नोंद ठेवून ती संसदेसमोर मांडण्याची पद्धत सुरू झाली, तर मंत्रिमंडळ सचिवाच्या हाती नवा अधिकार न देताही त्याचे मूळ काम अधिक बळकट होईल. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने मंत्रिमंडळाचे कागद निर्णय पूर्ण होईपर्यंत गोपनीय ठेवले असले, तरी निर्णय व त्याची कारणे नंतर जाहीर करण्याची तरतूद त्यातच आहे. तिचा उपयोग होण्यासाठी कारणे मुळात कागदावर उतरलेली असावी लागतात. ती तशी उतरतील हे पाहणे, एवढेच या देशातील सर्वांत ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्याचे काम आहे, आणि ते लहान काम नव्हे.